उसना अंगठा

बोर्ड पुढे सरकला तशी विजयश्रीने मान न वळवता डावीकडे नजर टाकली. तिथे आम्रपाली उभी होती. आम्रपालीने स्वतःच्या तारा लावता लावता, अगदी सहज, विजयश्रीने बसवलेल्या पांढऱ्या कनेक्टरला हात घातला. एकेक तार चिमटीत धरून मागे ओढली, सोडली आणि बोर्ड जाऊ दिला. टिचकी वाजली नाही. विजयश्री पुढच्या बोर्डाकडे वळली.

ही टिचकी दोघींतच होती. एखादी पिन सैल लागली तर आम्रपालीने बोर्डाच्या कडेवर नखाने टिचकी मारायची, आणि विजयश्रीने काहीतरी खाली पडल्याचं निमित्त करून तिकडे वाकायचं व पिन पुन्हा दाबायची, एवढंच ठरलं होतं. पावसाळ्यात हे सुरू झालं तेव्हा टिचकी दिवसातून दोन-तीनदा तरी वाजायची. पुढे ती कमी झाली, आणि आता थंडी पडली तरी कित्येक आठवड्यांत वाजली नव्हती. आपला हात सुधारतोय, असा विजयश्रीने त्याचा अर्थ लावला होता.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग तयार होतं. माणसाएवढ्या उंच उभ्या फळ्यांवर खुंट्या ठोकलेल्या असतात आणि त्यांच्यावरून रंगीत तारा मांडत न्यायच्या. फळी, म्हणजे बोर्ड, साखळीवरून एका बाईसमोरून दुसरीसमोर सरकत राहतो. तारेच्या टोकाला पितळेची पिन असते. ती प्लॅस्टिकच्या कनेक्टरच्या भोकात अंगठ्याने ढकलायची. आत एक बारीक जीभ असते, ती पिनेला पकडते. मग तार एकदा मागे ओढून खात्री करायची. पुश, क्लिक, पुल. शेडच्या भिंतीवर हे तीन शब्द हातभर अक्षरांत रंगवलेले होते. पण शेडमध्ये पंखे, साखळ्या आणि हवेच्या नळ्यांचा एवढा गलका असतो, की क्लिक कानाला ऐकू येत नाही. ते अंगठ्याला कळतं.

विजयश्रीच्या अंगठ्याला ते सगळ्यांत आधी कळायचं. औशाजवळच्या खेड्यातून लग्न करून ती रहाटणीत आली, मुलगी शाळेत जायला लागली तशी ठेकेदारामार्फत या कंपनीत लागली, आणि वर्षभरात लाइनवर सगळ्यांत वेगवान हात म्हणून ओळखली जाऊ लागली. मागच्या दिव्यांचा आणि ब्रेकच्या दिव्याचा कनेक्टर तिच्याकडे होता. तो ज्याच्यात्याच्या हाती देत नसत. लाइनचे सुपरवायझर दिग्विजय सर नव्या पोरींना तिच्या मागे उभं करायचे आणि सांगायचे, नुसतं बघा.

मग कधीतरी हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी झोपेत. उजवा हात जड होऊन जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. अंगाखाली आला असेल, म्हणून तिने कूस बदलून पाहिली. नवरा गणराज टेम्पो चालवायचा. तो म्हणाला वात असेल, आणि मलमाची बाटली घेऊन आला. पुढे मुंग्या दिवसाही यायला लागल्या. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळीला मात्र काही नाही. करंगळी शहाणी, बाकीची बोटं झोपाळू, असं ती मुलीला हसून सांगायची. फोडणीत टाकताना मोहरीऐवजी चिमटीत नुसती हवा यायला लागली, तेव्हा तिने ते सांगणं बंद केलं.

लाइनवरच्या बायकांचा यावर एक उपाय होता. वायरिंगच्या जुडग्यांना गुंडाळायची काळी कापडी टेप सगळीकडे पडलेली असायची. मनगट दुखायला लागलं की तीच टेप मनगटाभोवती चार-पाच वेढे करकचून बांधायची. तारा टेपने घट्ट राहतात, मग हात का नाही राहणार? टेप बांधली की पहिला तासभर आधार वाटायचा. सैल वाटली की आणखी दोन वेढे. विजयश्रीनेही बांधली होती, आणि तिचं पाहून आम्रपालीने.

सकाळच्या शिफ्टची बस मोशीच्या चौकात अडकली की निम्म्या बायका पेंगता पेंगता हात झटकत असायच्या. भिमाबाई चाकणच्याच जुन्या घरातली. शेत कंपनीत गेलं आणि मागोमाग ती स्वतःही कंपनीत गेली. बसमधून उतरणाऱ्या बायकांना गेटवर बघून ती म्हणायची, "आल्या गं बाई, पंख झाडीत आल्या समद्या कोंबड्या." सगळ्या हसायच्या. हसता हसता हात झटकायच्या.

हाताबद्दल कुणी वर बोलत नव्हतं, कारण वर बोललेल्या एका बाईला ठेकेदाराने आराम करा म्हणून सांगितलं होतं आणि तिचा आराम अजून संपला नव्हता.

विजयश्रीचा अंगठा आम्रपालीला एका दुपारी अचानक कळला. ओढताच एक तार अख्खी हातात आली. तिने विजयश्रीकडे पाहिलं, पिन परत दाबली, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेजारी बसली. "ताई, माझा अंगठा घे उसना," ती म्हणाली होती. "परत कधी करायचा ते बघू." पिंपरीत कामगारांच्या वस्तीत वाढलेली, सव्वीस वर्षांची ही पोर बोलायला अशीच होती. तिचे वडील ज्ञानदेव बंद पडलेल्या एका कारखान्यात आयुष्यभर टर्नर होते. घर आता आम्रपालीच्या पगारावर होतं, आणि ठेक्यावरच्या ज्या मुलींना कंपनी या वर्षी कायम करणार होती, त्यांत तिचं नाव आहे असं लाइनभर बोललं जात होतं.

त्या शनिवारी शिफ्ट सुटली आणि सगळ्या लॉकरच्या खोलीत आल्या. शेडमध्ये दागिना चालत नाही, म्हणून सकाळी कानातलं काढून ठेवायचं आणि जाताना घालायचं, असा रोजचा नेम. बस लागली होती. बाकीच्या निघून गेल्या. आम्रपाली आरशासमोर मान वाकडी करून कानामागे फिरकी लावत होती. फिरकी दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा ती बाकाखालून शोधून तिने विजयश्रीसमोर तळहात धरला.

"ताई, एवढी फिरकी बसवून दे. जाम छोटी आहे."

विजयश्रीने फिरकी घ्यायला बोटं पुढे केली आणि थांबली. बोटं फिरकीवर टेकली आहेत हे दिसत होतं, कळत नव्हतं. तिने एकदा उचलायचा प्रयत्न केला. मग हात मागे घेतला.

"तूच लाव की. मला कुठं जमायलंय आता."

"मला जमलं असतं तर तुला सांगितलं असतं का?" आम्रपाली हसत म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. फिरकी आम्रपालीच्या तळहातावर होती.

"कवापासून?" विजयश्रीने विचारलं.

"नवरात्रापासून. म्हणजे जास्त नाही गं. सकाळी असतं, मग जातं."

"आणि माझ्या पिना?"

"ओढते की मी रोज. एकही सोडत नाही, शप्पथ."

"ओढायलीस, दिसतंय मला. सैल असली तर कळतंय का?"

आम्रपालीने फिरकी मुठीत घेतली. दुसऱ्या कानातलंही काढलं आणि दोन्ही पर्सच्या कप्प्यात टाकली. मग म्हणाली, "तुझ्या पिना हल्ली सैल नसतातच, असं मला वाटलं. हात बरा झाला असेल तुझा."

विजयश्रीलाही तेच वाटलं होतं. टिचकी वाजत नव्हती म्हणून ती खुशीत होती. एका मेलेल्या अंगठ्यावर दुसऱ्या मेलेल्या अंगठ्याची नजर होती, आणि दोघी एकमेकींच्या भरवशावर ब्रेकच्या दिव्यांचे कनेक्टर पुढे सोडत होत्या.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. बस भोसरीत आली. मग आम्रपालीने हळू आवाजात सांगितलं, की कायम करायच्या मुलींची यादी पाडव्याला लागणार आहे. तोवर कुणाला काही कळू नये. ती मन लावून ओढेल, डाव्या हाताने ओढेल, शिवाय पुढे टेस्टिंग आहेच. टेस्टिंगमध्ये प्रत्येक तारेतून वीज सोडतात, दिवा लागला नाही तर बोर्ड परत येतो. विजयश्री खिडकीबाहेर बघत होती. अडकलेली नाही, नुसती टेकलेली पिनही टेस्टिंगमध्ये दिवा लावते, हे दोघींना माहीत होतं. ती सुटते पुढे कधीतरी, गाडी खड्ड्यांतून हादरे खात चालल्यावर. शेजारून त्याच वेळी एक गाडी ब्रेक मारत पुढे गेली. तिचे मागचे तांबडे दिवे लागले, विझले. विजयश्रीने मान फिरवली आणि नाशिक फाट्यापर्यंत पुन्हा बाहेर बघितलं नाही.

रविवारी ती सांगवीच्या एका दवाखान्यात गेली. गणराजला सोबत येतोस का म्हणून विचारलं नाही, फक्त जाते म्हणून सांगितलं. डॉक्टर मोनिका हाडांच्या आणि हातांच्या डॉक्टर होत्या. वयाने विजयश्रीपेक्षा लहान असाव्यात. त्यांनी आधी कात्री घेतली आणि मनगटावरची काळी टेप कापून काढली. खाली कातडीवर वळ उठले होते.

"ही कुणी बांधायला सांगितली?"

"कुणी नाही. सगळ्याच बांधतात."

डॉक्टर मान हलवून पुढे झाल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात छातीसमोर आणले, बोटं खाली आणि हातांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या. नमस्कार उलटा केल्यासारखे. एक मिनिट असंच धरा, म्हणाल्या. अर्धं मिनिटही झालं नसेल, उजव्या अंगठ्यात आणि बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. मग त्यांनी मनगटाच्या मध्यावर बोटाने टकटक केलं, आणि विजेचा बारीक झटका मधल्या बोटाच्या टोकापर्यंत गेला. शेवटी दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवायला लावले. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा फुगवटा होता. उजव्या हाताला तिथे खळगा पडला होता. आपलाच हात रोज बघून विजयश्रीला तो कधी दिसला नव्हता.

डॉक्टरांनी समजावलं ते तिला नीट कळलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस. मनगट वाकवून, जोर लावून, तेच तेच काम दिवसभर केलं की दोऱ्या सुजतात आणि नस चेपते. वरून टेप करकचून बांधली तर बोगद्याला बाहेरूनही दाब. ही नस करंगळीला जात नाही, म्हणून करंगळी शाबूत. सुरुवातीला आलं तर झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायची, काम बदलायचं, हात सरळ राहील असं बघायचं. बहुतेकांचं त्यावर भागतं. साखर आणि थायरॉइड तपासायचं, नसेची विजेवरची तपासणी करायची. तुमच्या हाताला मात्र ऑपरेशन लागेल असं दिसतंय.

"मग पयल्यासारखं कळंल का?"

डॉक्टरांनी तिचा उजवा अंगठा हलकेच दाबून पाहिला. "दुखणं जाईल," त्या म्हणाल्या. "मुंग्या जातील. अंगठ्याचा जोर थोडा परत येईल. स्पर्श किती येईल ते मी आज सांगू शकत नाही. तुम्ही उशिरा आलात."

विजयश्रीने मान डोलावली. उठताना तिने विचारलं, की नवरात्रापासून ज्याला होतंय तो उशिरा आलाय का? डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. नाही, म्हणाल्या, पण त्याला आत्ताच पाठवा.

सोमवारी ती बसमध्ये आम्रपालीची वाट बघत बसली, आणि ती चढताच तिला खिडकीशी बसवून सगळं सांगितलं. उलटा नमस्कार करायला लावला. मोशी येण्याआधीच आम्रपालीने हात खाली घेतले. तिच्या मनगटावरची टेप विजयश्रीने डाव्या हाताच्या नखांनी सोडवली आणि गोळा करून पर्समध्ये टाकली.

"मी आज दोरी ओढून लाइन थांबवणार हाय," ती म्हणाली. "तुझं नाव घेणार न्हाई."

आम्रपाली मोकळं झालेलं मनगट चोळत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुला काढतील."

"काढतील."

"मग कशाला?"

"गणराजच्या टेम्पोपुढं रोज शंभर गाड्या ब्रेक मारतेत. त्यातली आपली कोणची, मला काय माहीत?"

प्रत्येक स्टेशनच्या डोक्यावर एक पिवळी दोरी असते. ती ओढली की अख्खी लाइन थांबते, वर तांबडा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. दोरी सगळ्यांसाठी असते, पण बायका ती ओढत नाहीत. लाइन थांबली की दिवसाचं टार्गेट हुकतं, आणि कुणामुळे हुकलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्या शेडला माहीत असतं. विजयश्रीने नोकरीत एकदाही ओढली नव्हती. चहाच्या सुट्टीआधी तिने कनेक्टर हातात घेतला, पिन लावली, दाबली, आणि नेहमीची वाट बघितली. अंगठ्यात काही झालं नाही. तिने डावा हात वर केला आणि दोरी ओढली.

साखळी थांबली. भोंग्यापेक्षा त्यानंतरची शांतता मोठी होती. दिग्विजय सर धावतच आले. तिशीतला, कराडकडचा, शांत माणूस. लाइन थांबली की त्याला वर उत्तर द्यावं लागायचं.

"कोणी ओढली?"

"मी."

"काय झालं, ताई? पार्ट संपला?"

"अंगठा संपला, सर. मला क्लिक कळंना."

दिग्विजय सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यांचं म्हणणं होतं, की हे आपल्यातच राहू द्या. ते तिचं स्टेशन बदलून देतील, आराम देतील, बघतील काय ते. आधी लाइन सोडू. पुन्हा ओढून लाइन सुरू करायला त्यांनी दोरीकडे हातही नेला. त्यांना तिचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं, हे विजयश्रीला दिसत होतं.

"आणि गेलेल्या बोर्डांचं?" तिने विचारलं.

"टेस्टिंगला पास झालेत ना ते."

"टेकलेली पिन बी पास होतेय. आम्ही नव्या होतो तवा तुम्हीच शिकवलंय, सर."

दिग्विजय सरांचा हात दोरीपाशी थांबला. मग खाली आला. त्यांनी चष्मा काढला, बाहीने पुसला, परत घातला. आता ते बोलले ते नेहमीच्या, कामाच्या आवाजात. केव्हापासून कळत नाही? पावसाळ्यापासून, तिने सांगितलं. पावसाळ्यापासून पिना सैल जात असतील तर आतापर्यंत कुठे ना कुठे सापडल्या असत्या, ते म्हणाले. तक्रार आली असती. मग कुठून मोजायचं? कुठले बोर्ड परत मागवायचे? सगळे?

याचं खरं उत्तर एकच होतं, आणि ते आम्रपालीशिवाय देता येत नव्हतं. पावसाळ्यापासून नवरात्रापर्यंतच्या पिना आम्रपालीच्या अंगठ्याने तपासलेल्या होत्या. त्या पक्क्या होत्या. शंका होती ती नंतरची. विजयश्रीने बोर्डाकडे बघत तोंड मिटून घेतलं. सगळे मागवा, असं म्हणायचं तिने ठरवलं.

तेव्हा टिचकी वाजली.

थांबलेल्या शेडमध्ये ती पहिल्यांदाच नीट ऐकू आली. आम्रपालीने बोर्डाच्या कडेवर नखाने मारली होती आणि ती तिथेच उभी होती, हात अजून कडेवर.

"नवरात्रापासून मोजा, सर," ती म्हणाली. "त्याच्या आधीच्या ताईच्या पिना मी ओढून बघितल्यात. तेव्हा मला कळत होतं."

दिग्विजय सर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. पलीकडून भिमाबाईने स्वतःच्या मनगटावरची टेप दाताने सोडवायला घेतली. "माझं बी लिवा," ती म्हणाली. "मला टेप गुंडाळताना टोक घावत न्हाई, दिवाळीपस्नं."

पुढचं सगळं भराभर झालं. गोदामातला माल उघडून तपासला. सैल पिना निघाल्या. गाडीच्या कंपनीत पोचलेल्या मालासाठी क्वालिटीची माणसं तिकडे जाऊन उभ्या गाड्यांच्या मागच्या बाजू उघडत बसली. त्यांच्याकडची माणसं मग इकडे येऊन गेली, दोन दिवस शेडमध्ये फिरली, बायकांचे हात बघत राहिली. विजयश्री आणि आम्रपाली दोघींना ठेकेदाराचा फोन आला. सध्या येऊ नका, कळवतो.

गणराज पहिले दोन दिवस चिडून होता. गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं, असं तो एकदा बोलला. भाकरी थापता येत नव्हती म्हणून विजयश्रीने पीठ मळायला मुलीला बसवलं होतं आणि पाणी किती घालायचं ते सांगत होती. तिसऱ्या दिवशी गणराज टेम्पो लावून लवकर घरी आला आणि भांडी घासायला बसला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. ऑपरेशनच्या दिवशी टेम्पोतूनच तिला सांगवीला घेऊन गेला. वाटेत पुढची गाडी थांबली की तो तिचे दिवे बघत होता, हे विजयश्रीने पाहिलं.

टाके निघाले. फोन आला नाही. आणखी काही दिवस वाट बघून विजयश्री एका सकाळी नेहमीच्या वेळी उठली, डबा भरला आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसली. ड्रायव्हरने बघितलं आणि बस सोडली. गेटवर वॉचमनने अडवलं. ती बाजूच्या बाकावर बसली. दुपारी डबा खाल्ला, शिफ्ट सुटल्यावर त्याच बसने परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. ठेकेदाराचा माणूस येऊन म्हणाला, ताई, तुमच्या हाताला काम नाही. ती म्हणाली, लाइनचं नाही, मला माहीत हाय. डाव्या हाताचं द्या. डॉक्टरांनी काय चालेल, काय चालणार नाही ते लिहून दिलं होतं. तो कागद तिने रोज सोबत नेला. आठवडा संपायच्या आत दिग्विजय सर स्वतः गेटवर आले. ते कुणाशी काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिला आत घेऊन गेले आणि लाइनला लागणाऱ्या तारांच्या जुड्या ट्रॉलीत लावून द्यायचं काम दिलं. पगार आधीपेक्षा कमी, उभं राहणं तेवढंच.

आम्रपालीलाही कंपनीने परत घेतलं होतं. झोपताना पट्टी, लाइनवर दाबायचं काम बंद. तिचं वय आणि वेळ दोन्ही तिच्या बाजूने होती. होळीपर्यंत तिच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. पाडव्याला यादी लागली. तिचं नाव नव्हतं. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग डबा उघडला आणि विजयश्रीला भाजी वाढली.

शेडमध्ये मात्र बदल झाले. दयेपोटी झाले असं कुणी म्हणणार नाही. बाहेरची माणसं येऊन गेली होती. बोर्ड आता उभे राहिले नाहीत, त्यांना खालून बिजागऱ्या लावून आपल्याकडे कलते केले, त्यामुळे मनगट वाकवावं लागत नाही. जोराच्या पिना दाबायला हातात धरायचं छोटं दट्ट्याचं अवजार आलं. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बायका जागा बदलतात. दिवसभर एकच चिमूट कुणाला मारावी लागत नाही. मनगटाला टेप बांधायला बंदी. आणि दर सोमवारी, शिफ्ट सुरू होण्याआधी, सगळी लाइन एक मिनिट उलटा नमस्कार करून उभी राहते. ज्याचे हात आधी खाली येतात, त्याने डॉक्टरकडे जायचं आणि त्याची जागा तशीच राहते. जागा राहते, हे लेखी मिळावं म्हणून विजयश्री आणि आम्रपाली दोनदा ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या सोमवारी भिमाबाई म्हणाली, असा नमस्कार कोणच्या देवाला चालतो रं बाबा? आम्रपाली म्हणाली, आमच्याकडे देवच नाही, माझं चालून जाईल. मिनिट संपायच्या आत तीन जणींचे हात खाली आले. त्या तिघी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेल्या आणि तिसऱ्या दिवशी कामावर होत्या.

वैशाखात भिमाबाईच्या नातवाचं बारसं होतं. शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांनी तिकडूनच जायचं ठरलं. लॉकरच्या खोलीत साड्यांच्या पिशव्या उघडल्या, गजरे वाटले गेले. विजयश्रीने रुमालाच्या गाठीतून सोन्याची फुलं काढली. तिच्या लग्नातली, बारक्या फिरक्यांची. त्या शनिवारनंतर तिने ती घातली नव्हती. हूक अडकवायच्या रिंगा घालायची.

मुंग्या गेल्या होत्या. दुखणं गेलं होतं. अंगठ्याच्या बुडाचा खळगा थोडा भरला होता. तिने फूल कानात अडकवलं आणि उजव्या चिमटीत फिरकी धरून पाहिली. बोटं मिटली, पण मध्ये काही आहे का नाही, ते त्यांना कळलं नाही.

"आण इकडे," आम्रपाली म्हणाली.

विजयश्रीने मान कलती केली. आम्रपालीने कानामागे फिरकी टेकवली, दोनदा फिरवली, थांबून आणखी अर्धा वेढा दिला. मग दुसरा कान.

"बसली?"

"बसली. कळली मला."

विजयश्रीने अनामिका आणि करंगळी या दोन बोटांत फूल धरलं, एकदा खाली ओढून बघितलं, आणि साडीची पिशवी उचलून दाराकडे निघाली.